शाहू स्टेडियमवर दर्जा बघायला कोण येतं?

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. चौघंही फुटबॉलवेडे. त्यातले दोघे तर शाळेपासून माझ्याबरोबर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेले. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात मुलींच्या फुटबॉलला परंपरा नाही आणि दर्जाही नाही. संधी भरपूर दिली, हाती काही लागलं नाही. प्रेक्षक येत नाहीत, कारण बघण्यासारखं काही नसतं. पुरुषांचा फुटबॉल कमावतो आणि तो पैसा मुलींच्या लीगवर उधळला जातो. शेवटची ओळ अशी: 'आधी प्रेक्षक आणा, मग लीग मागा.'

चौघांना चार उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

'परंपरा नाही'

देशात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ साली स्थापन झाली. पाचेक वर्षांत कालिकतला आशियाई स्पर्धा भरली आणि तिथे आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसऱ्या आल्या, १९८३ ला थायलंडमध्ये पुन्हा उपविजेत्या. १९८३ म्हटलं की आपल्या सगळ्यांना लॉर्ड्सची गॅलरी आठवते. त्याच वर्षी आपल्या मुली फुटबॉलमध्ये आशियात दुसऱ्या होत्या, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आणि मी स्वतःला फुटबॉलचा माणूस समजत होतो. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. २००९ मध्ये अशी वेळ आली, की अठरा महिन्यांत एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताच्या महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच गेलं. हरणारा संघ क्रमवारीत खाली घसरतो. यादीतून नाव जाण्यासाठी संघाला मैदानात उतरवायचंच बंद करावं लागतं. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवींसारख्या खेळाडू या अशा काळातही खेळत राहिल्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०२० मध्ये. परंपरा कुणी नाकारत असेल, तर त्याने आधी या बायकांची नावं वाचावीत.

'दर्जा नाही'

इथे दोन पुरावे हटकून दिले जातात. पहिला म्हणजे २०१७ मध्ये अमेरिकेच्या विश्वविजेत्या महिला संघाला डॅलसच्या पंधरा वर्षांखालच्या मुलांनी ५-२ ने हरवलं. हे खरं आहे. तो सरावाचा सामना होता, पण ते बाजूला ठेवू. पंधराव्या वर्षी मुलांच्या अंगात वेग आणि ताकद येते, ती मुलींपेक्षा जास्त असते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. बायकांचा संघ पुरुषांना हरवू शकतो असा दावा कुणी केलेलाच नाही. कुस्तीत सत्तावन्न किलोचा पैलवान सव्वाशे किलोवाल्याला चीत करू शकत नाही, म्हणून त्याची कुस्ती बघायची नाही असं कोल्हापुरात कुणी म्हणेल का?

दुसरा पुरावा जास्त टोचणारा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आशियाई महिला चॅम्पियन्स लीगमध्ये जपानच्या उरावा रेड डायमंड्सने ओडिशा एफसीला १७-० ने हरवलं. तो आकडा बघून मलाही रात्री झोप लागली नाही. पण त्या सामन्यात समोरासमोर कोण होतं ते बघा. जपानमध्ये मुलींची राष्ट्रीय लीग १९८९ पासून आहे. २०११ ला जपानच्या मुली विश्वविजेत्या झाल्या, २०२१ पासून तिथे पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. ओडिशाच्या मुलींना तोवर होम-अवे पद्धतीची (एक सामना आपल्या गावात, एक समोरच्याच्या) खरीखुरी लीग खेळायला मिळाली होती फक्त एक हंगाम. पस्तीस वर्षांसमोर एक हंगाम! या निकालावरून लीग बंद करा असं म्हणणारा माणूस नापास झालेल्या पोराची शाळाच काढून घ्या म्हणतोय.

आपल्या लीगमध्ये उणिवा आहेत. पहिल्या आणि शेवटच्या संघात फार मोठी दरी आहे, काही सामने एकतर्फी होतात, उंच चेंडूवर गोलकीपर चाचपडतात. हे मी बघतो आणि मलाही सलतं. पण ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला, त्यांच्याच देशात, २-१ ने हरवलं. थायलंड दोन वेळा विश्वचषक खेळलेला संघ आहे. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषक गाठण्याची भारताच्या महिला संघाची ही पहिलीच वेळ. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी त्या सामन्याचा निकाल पुढे पाठवल्याचं मला आठवत नाही.

'संधी भरपूर दिली'

२०२२ या एकाच वर्षात काय झालं ते सांगतो. जानेवारीत आशियाई चषक आपल्या महाराष्ट्रात होता: नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी. भारताने इराणशी बरोबरी केली. दुसऱ्या सामन्याआधी संघात कोविड पसरला, तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात, आणि नियमानुसार यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. वर्षानुवर्षांची तयारी एका सामन्यात संपली.

ऑगस्टमध्ये गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या, आणि नेमकी तेव्हाच फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली. कारण होतं महासंघाच्या कारभारातला बाहेरचा हस्तक्षेप. त्यात या मुलींचा काय दोष? दहा-अकरा दिवसांत बंदी उठली, पण तोवर यांचे सामने हुकले होते. पुरुषांच्या मोहन बागानचा आशियाई सामना सप्टेंबरमध्ये होता, तो झाला. प्रशासनाच्या भांडणाचा दंड भरला तो देशाच्या विजेत्या महिला क्लबने.

'प्रेक्षक येत नाहीत'

माझं खरं भांडण या मुद्द्याशी आहे.

इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे आपल्या मुलींच्या राष्ट्रीय लीगचा, पहिला हंगाम आठवा. मुख्य फेरीत सहा संघ होते. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट्स, ऐझॉल, पुदुच्चेरीचा जेप्पियार, हरियाणातल्या एका खेड्याचा अलखपुरा, आणि आपला पुणे सिटी. सगळे सामने झाले दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर. २८ जानेवारी २०१७ ला सुरुवात, १४ फेब्रुवारीला अंतिम सामना. अठरा दिवसांत देशाची 'लीग' आटोपली. मणिपूरचा संघ जिंकला, पण इंफाळच्या माणसाला आपल्या संघाचा एकही सामना आपल्या गावात बघता आला नाही.

पुढची वर्षंही तशीच गेली. एकदा शिलाँग, मग लुधियाना, मग बेंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद. सगळ्या संघांना एका शहरात गोळा करायचं, काही आठवडे खेळवायचं, घरी पाठवायचं. त्यातले तीन हंगाम तर एप्रिल-मेच्या उन्हात झाले. ही लीग नव्हे, ही स्पर्धा झाली. लीग म्हणजे एका आड एक आठवड्याला आपल्या गावात सामना, तोच ग्राउंड, त्याच पायऱ्या, शेजारी तीच माणसं. मागच्या वेळी हरलो म्हणून यावेळी ईर्षेने जायचं. हे सगळं जिथे उभंच केलं नाही, तिथे प्रेक्षक आले नाहीत ही तक्रार कशी करणार?

आता माझ्या चार मित्रांना थेट विचारतो. पाटाकडील आणि प्रॅक्टिस हे आपल्या गावातले संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांचे सामने आपण कामधंदा सोडून बघितले. तिथला खेळ बार्सिलोनाच्या तोडीचा असतो म्हणून? आपण जातो कारण ती आपली तालीम, आपल्या पेठेचा संघ असतो. गोल करणारा पोरगा आपल्या गल्लीतून सकाळी सायकलवरून गेलेला असतो, त्याची आई भाजी घेताना भेटते. दर्जा बघायचा असेल तर टीव्ही आहे. स्टेडियमवर माणूस जातो तो आपलेपणापायी.

आणि आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये कोल्हापूर सिटी हा संघ याच महिला लीगमध्ये खेळला. फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या गावाचं नाव छातीवर लावून मुली खेळल्या, आणि खेळल्या कुठे, तर बेंगळुरूत. त्यातला एक सामना जरी शाहू स्टेडियमवर झाला असता, तर पायऱ्या रिकाम्या राहिल्या असत्या असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. आपल्या गावाचा मुलींचा संघ आहे हे तिला मी सांगितलं, तर म्हणाली, "मग मामा, आपण जाऊया की बघायला." तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

प्रेक्षक स्वभावतःच मुलींचा खेळ बघत नाहीत, या समजुतीला इंग्लंडने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलंय. प्रेस्टनच्या 'डिक, कर' नावाच्या कारखान्यात पहिल्या महायुद्धात काम करणाऱ्या मुलींनी संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सेंट हेलेन्सशी सामना झाला, आणि त्याला ५३,००० माणसं होती. हजारोंना आत जागा मिळाली नाही. वर्ष संपायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या क्लबांना मैदानं द्यायला मनाई केली. ती मनाई जवळपास पन्नास वर्षं राहिली. प्रेक्षक होते, मैदान काढून घेतलं, म्हणून प्रेक्षक संपले. क्रम असा होता. तिथेही नंतर लोक म्हणायचे, बायकांचा फुटबॉल कोण बघतंय!

आपल्याकडे होम-अवे पद्धत आली ती २०२३-२४ मध्ये, सात संघांनिशी. पुढच्या हंगामात आठ. त्या दोन्ही हंगामांत महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा एकही क्लब नव्हता, ही आपल्यासाठी लाजेची गोष्ट आहे. पण दुसऱ्याच हंगामात काय झालं बघा. एप्रिल २०२५ मध्ये ईस्ट बंगालच्या मुलींनी लीग जिंकली. त्या क्लबच्या पुरुषांनी राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली होती २००४ मध्ये. एकवीस वर्षं लाल-पिवळ्या जर्सीचे लाखो चाहते ज्या विजेतेपदाची वाट बघत होते, ते मुलींनी आणून दिलं. नवे चाहते शोधायला कुणी बाहेर गेलं नव्हतं, ते क्लबमध्ये आधीपासून होतेच.

'पुरुषांचा फुटबॉल कमावतो'

पुरुषांच्या इंडियन सुपर लीगचा हंगाम जुलै २०२५ मध्ये लांबणीवर टाकावा लागला, कारण लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार संपत आला होता. मग लीगचे व्यावसायिक हक्क विक्रीला काढले. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही नाही. मेसेजचा नियम लावायचा तर पुरुषांची लीग त्याच दिवशी बंद करायला हवी होती. तसं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. सगळ्यांनी तोडगा शोधायला सांगितलं, खेळाडूंच्या पोटापाण्याची काळजी केली. मीही केली. तीच काळजी मुलींच्या वाट्याला यावी एवढंच मागणं आहे.

राहिला 'उधळलेला' पैसा. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं, की महिला लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावा आणि प्रत्येकीला वर्षाला किमान ३.२ लाख रुपये द्यावेत. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. दहा जणींचे मिळून वर्षाला ३२ लाख. संघात दहाहून जास्त मुली असतात. अकराव्या खेळाडूपासून पुढच्या मुलींसाठी त्या नियमात काहीच नव्हतं.