आठ जीबीचा कारपेट एरिया

घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला तेव्हाच कळलं होतं की बिल्डर सांगतो तो आकडा वेगळा आणि आपण लादी पुसतो तो वेगळा. कॉम्प्युटरमध्येही असला प्रकार असतो हे मात्र परवा कळलं.

आमचा पीसी जुना, चार टॅब उघडले की पंखा असा घरघरतो की शेजारच्या काकू विचारतात आज काय वाटलंत. म्हणून नौपाड्यातून ४ जीबीची रॅम आणली, मूळची ४, झाली ८. धिस पीसीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. लिहिलेलं ८.०० जीबी, आणि पुढे कंसात, हळूच, ३.२५ जीबी युजेबल.

बायको मागेच उभी. "मग उरलेले पावणेपाच कुठे गेले?" बँकेत नोकरी आहे तिची, हिशेब लागल्याशिवाय झोप येत नाही.

झालं, कॅबिनेट उघडला. रॅम काढली, मुलीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्या घासल्या, फुंकर मारली (धूळ सगळी माझ्याच डोळ्यात), परत दाबून बसवली, खटके टक्क वाजले. ३.२५. ऑफिसातला एक म्हणाला एमएसकॉन्फिग म्हणून विंडोजचं सेटिंग असतं, त्यात बूटमध्ये जा, मॅक्झिमम मेमरीवर टिक असेल ती काढ. टिक नव्हतीच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होतं त्या पडद्यावर, बघितलं तर तिथे चक्क ८! म्हणजे माल घरात आलाय आणि घरातलंच कोणीतरी नाही म्हणतंय.

शेवटी भाच्याला फोन.

"मामा, त्याच्याच खाली सिस्टम टाइप काय लिहिलंय?"

३२-बिट. दोन दिवस मी वरचीच ओळ वाचत होतो.

तर ३२-बिट विंडोजकडे मेमरीतल्या खोल्यांचे पत्तेच ४२९ कोटींच्या आसपास, दर बाइटला एक, म्हणजे ४ जीबीपुरते, आणि त्यातलेही ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळींनी आधीच अडवलेले, ठाणे लोकलला कळवा कारशेडमधूनच माणसं बसून येतात ना, अगदी तस्सं. माझी नवी रॅम बिचारी प्लॅटफॉर्मवरच उभी.

उपाय ६४-बिट, पण ते वरच्यावर अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकायचं. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर, मग फॉरमॅट, मग प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात अख्खा रविवार गेला, त्याबद्दल बोलायला नको.

रात्री साडेअकराला स्क्रीन उघडली, ८.०० जीबी, ७.८८ युजेबल. मी विजयी मुद्रेने मागे बघितलं.

"आणि ०.१२?"