ग्वादलूपची केळी आणि फ्रान्सचा न्याय

'स्वतंत्र होऊन हैतीला काय मिळालं? त्यापेक्षा फ्रान्सला धरून राहिलेली बेटं सुखी,' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता वैताग येतो. मी अशांना ग्वादलूप या कॅरिबियन बेटाबद्दल विचारतो.

ग्वादलूप १९४६ पासून कायद्याने फ्रान्सच. चलन युरो, पासपोर्ट फ्रेंच. पण इतिहास बघा. १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, १८०२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ती परत लादली. त्याविरुद्ध लढणाऱ्या लुई देलग्रेस या अधिकाऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी शरण जाण्याऐवजी मातूबा या ठिकाणी स्वतःला स्फोटात उडवून दिलं. १८४८ मध्ये गुलामगिरी कायमची संपली, तर भरपाई मिळाली मालकांना! मग उसाच्या मळ्यांत राबायला १८५४ पासून पुद्दुचेरी, कारिकलकडून करारावर मजूर नेले. चाळीस हजारांहून जास्त. बहुतेक तमिळ. त्यांच्या मुलांना नागरिक म्हणून मत देता यावं यासाठी हेन्री सिदांबरम या गृहस्थाला १९०४ ते १९२३ भांडावं लागलं.

हे जुनं झालं म्हणाल, तर क्लोरडेकोनचं बोलू. केळीच्या सोंडकिड्यावरचं हे कीटकनाशक. अमेरिकेत ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार आजारी पडले आणि १९७५ मध्ये उत्पादन थांबलं. फ्रान्सने बंदी घातली १९९० मध्ये, पण ग्वादलूप आणि मार्टिनिक या दुसऱ्या फ्रेंच बेटाच्या केळीबागांना १९९३ पर्यंत सवलत! बागायतदारांचा धंदा बुडू नये म्हणून. आज तिथल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या रक्तात हे विष सापडतं. प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांत ही बेटं येतात. माती कित्येक दशकं, काही अंदाजांनुसार शेकडो वर्षं साफ होणार नाही. काही किनाऱ्यांवर मासेमारीही बंद आहे. ज्यांनी ते कधी फवारलंही नाही त्या कोळ्यांनी काय करायचं?

बाकी रडगाणं थोडक्यात. डोंगरातून झरे वाहतात, पण गंजलेल्या नळांतून अर्ध्याहून जास्त पाणी गळून जातं, म्हणून पाळीपाळीने पाणी. खाण्याच्या वस्तू फ्रान्सच्या मुख्य भूमीपेक्षा सुमारे ४० टक्के महाग. २००९ मध्ये महागाईविरुद्ध ४४ दिवस संप झाला, तेव्हा कुठे पॅरिस जागं झालं.

स्वातंत्र्य घ्यावं की नाही, हे तिथले लोक ठरवतील. बहुतेकांना ते नकोच आहे. पण अनुदानाचे आकडे तोंडावर फेकून त्यांना गप्प बसवू नका. क्लोरडेकोनच्या विषबाधेची तक्रार दाखल झाली २००६ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये न्यायाधीशांनी हा आरोग्याचा घोटाळा असल्याचं मान्य केलं आणि खटला न चालवताच फाइल बंद केली. कुणालाही शिक्षा नाही.