माऊस सोडा

आजच्या शिक्षक प्रशिक्षणात जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

तिसऱ्या रांगेत एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पीपीटीत फोटो टाकायची धडपड चाललेली. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, आले, "सरका मॅडम जरा" म्हणत माऊस काढून घेतला, तीन क्लिक, झालं. "एवढं सोप्पं आहे हो!" हॉल हसला. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि मग माऊसला हात म्हणून लावला नाही.

सुलभकांचा राग आलाच. त्याहून जास्त माझा आला. कारण हेच मी केलंय.

नोकरीचं दुसरं वर्ष. आमची दोनशिक्षकी शाळा, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आलेला. चौथीला मोठ्या बाई. अर्ध्या गावाला पाढे त्यांनीच शिकवलेले. पहिल्याच दिवशी भिंतीवर निळं 'नो सिग्नल'. पोरं खुदुखुदू हसायला लागली. मी धावत गेले, त्यांच्या हातातला रिमोट घेतला, चालू करून दिलं आणि वर कौतुकाची वाट बघत उभी राहिले! बाई काही बोलल्या नाहीत. पुढे दीड वर्ष तो प्रोजेक्टर त्यांच्या वर्गात टेबलक्लॉथखाली होता.

अहवालात आमची शाळा 'डिजिटल' बरं का.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, अभ्यासाचं दीक्षा ॲप आलं, लॉकडाऊनमध्ये शिक्षकांचं निष्ठा प्रशिक्षण मोबाईलवर आलं. व्हिडिओ आपला आपण चालू, उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर. मीही पोळ्या लाटता लाटता प्रमाणपत्रं मिळवलीत, उगाच कशाला साळसूदपणा. त्यातून वर्गात उभं राहायचं धाडस किती जणांना आलं? आणि वीजबिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळांबद्दल तर आज बोलतच नाही.

मग कुणीतरी म्हणणार, डिसले गुरुजींकडे बघा. बघतो ना! २०२० साली परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आमचाही ऊर भरून आला होता. पण ते नाव घेऊन दुसऱ्या शिक्षकाला टोमणे मारायचे, हे कुठलं प्रशिक्षण?

हो, टाळणारेही आहेत. 'दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला' म्हणणारे. मान्य.

मोठ्या बाई मात्र टाळत नव्हत्या. त्यांच्या पोरांनीच एकदा विचारलं, "बाई, आपल्या वर्गात का नाही लावत?" त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "दाखव. पण तू हात लावायचा नाहीस." पाऊण तास लागला. जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेतलं: 'आधी वायर. मग लॅपटॉप. एचडीएमआय १ येईपर्यंत सोर्स दाबणे. घाबरू नये.'

सोमवारी त्यांनी प्रतापगडाचा व्हिडिओ लावला. मी लावला की तो शेवटपर्यंत चालायचा, पोरं गप्प, मी वह्या तपासायला मोकळी. बाई दर मिनिटाला थांबवत होत्या. "आता महाराज काय करतील रे?" वर्ग नुसता उसळत होता. मी दारात उभी राहून ऐकत होते.

आज जेवणाच्या सुट्टीत त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईंच्या शेजारी डबा उघडला. म्हटलं, बाई, लॅपटॉप रिकामाच आहे. त्यांना अकरा मिनिटं लागली. एकदा फोटो आडवा आला, एकदा अख्खी स्लाइडच उडाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.