काउंटीच्या नकाशात एच-वन-बीवालेही मोजलेत

टेक्सासमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "काउंटी कमिशनरांचे प्रिसिंक्ट पुन्हा आखताना फक्त सिटिझन मोजतात. आपला संबंध नाही. नकाशा दहा वर्षांनी एकदाच बदलतो, तोही कॉम्प्युटर काढतो. प्रिसिंक्ट बदलला की मुलांची शाळा बदलते." काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग, आणि प्रिसिंक्ट म्हणजे तिथल्या एका कमिशनरचा मतदारसंघ. इतक्या छोट्या मेसेजात एकही दावा धड नाही.

पहिल्यावर लोकांचा भलताच विश्वास, म्हणून आधी तोच घेतो. १ एप्रिल २०२० ला जो जिथे राहत होता, त्याला जनगणनेने तिथे मोजलं. व्हिसा विचारला नाही. प्रिसिंक्ट त्याच आकड्यांवर आखतात. अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा घाट होता, तो २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात अडला. त्याआधी टेक्सासमधल्याच दोघांनी राज्य सिनेटचे मतदारसंघ मतदारांच्या संख्येवर आखावेत म्हणून दावा लावला होता. २०१६ मध्ये आठही न्यायमूर्तींनी तो फेटाळला. म्हणजे एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरचा नवरा, त्याच्यावर अवलंबून एच-फोर व्हिसावरची बायको, तिसरीतली मुलगी: मत एकालाही नाही, पण डोकी तीन. पुण्यात प्रभाग आखतानाही शाळकरी पोरं मोजतातच की! (फक्त तिथे २०२५ ची प्रभागरचनाही २०११ च्या आकड्यांवर झाली, ते दुखणं वेगळं.)

डोकी मोजण्याला एवढी किंमत का, ते मिडलंड काउंटीत दिसलं. तिथे कमिशनर्स कोर्टाचे चार प्रिसिंक्ट होते. नाव कोर्ट, पण तिथे खटले नाहीत. रस्ते, पूल आणि बजेट. १९६३ च्या अंदाजानुसार एका प्रिसिंक्टमध्ये ६७,९०६ माणसं, म्हणजे जवळपास सगळं मिडलंड शहर. बाकी तिघांत ८५२, ४१४ आणि ८२८. कमिशनर मात्र प्रत्येकी एकच. ४१४ जणांचा माणूस हात वर करी, त्याचं वजन ६८ हजारांच्या माणसाइतकंच! १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे बंद पाडलं. आता दहा लाखांच्या काउंटीत प्रिसिंक्ट साधारण अडीच लाखांचा हवा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यात २५ हजारांपर्यंत, म्हणजे दहा टक्के, फरक सहसा चालतो.

त्या दहा टक्क्यांतच सगळा खेळ. कॉम्प्युटर बेरीज करतो. कुठली गल्ली कुणाच्या वाट्याला, हे कमिशनर हात वर करून ठरवतात. आपल्याच जागांच्या सीमा! गॅल्व्हेस्टन काउंटीत २०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मिळून बहुसंख्य असलेला एकमेव प्रिसिंक्ट नव्या नकाशात मोडला. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो नकाशा बेकायदा ठरवला, पण २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की आमच्या मतांचं बळ मोडलं असा दावा दोन समाजांना एकत्र धरून करताच येत नाही. इथे कॉम्प्युटरला दोष कसा द्यायचा?

"दहा वर्षांनी एकदाच" हे टॅरंट काउंटीवाल्यांना सांगून बघा. जून २०२५ मध्ये, पुढची जनगणना पाच वर्षं लांब असताना, तिथे ३ विरुद्ध २ मतांनी नवा नकाशा मंजूर झाला (चार कमिशनरांबरोबर पाचवं मत काउंटी जजचं). अशी बैठक खुली असते आणि अजेंड्यावरच्या विषयावर लोकांना बोलू देणं टेक्सासच्या कायद्याने बंधनकारक आहे. माइकपाशी जायला मतदार असावं लागत नाही.

राहिली शाळा. तिच्या हद्दी स्कूल डिस्ट्रिक्टचं बोर्ड ठरवतं, काउंटी नव्हे. प्रिसिंक्ट बदलला तरी पिवळी बस त्याच कोपऱ्यावर थांबेल.