राँग साइडने येणाऱ्यांसाठी थोडंसं मार्गदर्शन

गेल्या मंगळवारी सकाळी माझ्या गाडीचा डावा हेडलाइट फुटला, बंपर लोंबकळायला लागला, आणि वर मीच समोरच्याला दोन हजार रुपये देऊन घरी आले. हे सगळं अवघ्या वीस मिनिटांत. एवढं ज्ञान एकटीने पोटात ठेवू नये, म्हणून नाशिकच्या रस्त्यांवर नव्याने उतरणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते.

हेल्मेट जरूर घ्यावं, आणि ते कोपरात अडकवावं. कोपराला फार जपायला हवं. डोक्याचं काय, त्याचा तसाही फारसा वापर नाही. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून आपल्याकडे हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा नियम काढला होता, तेव्हा पंपावर मागच्याचं हेल्मेट पुढच्याने आणि पुढच्याचं त्याच्या पुढच्याने घातलेलं मी पाहिलंय. कोण म्हणतं शेजारधर्म संपला?

इंडिकेटर देऊ नये. आपण कुठे वळणार हे परक्यांना कशाला सांगायचं?

सिग्नलला उभं राहायचंच झालं तर झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे राहावं. सिग्नल सुटायला पाच सेकंद असले की हॉर्न दाबून धरावा. त्याशिवाय दिवा हिरवा होत नाही.

आता मुख्य विषय, राँग साइड. हायवेचा सर्व्हिस रोड ही यासाठी सर्वात उत्तम जागा. मी पाथर्डी फाट्याकडून मुंबई नाक्याकडे निघाले होते, लेखानगर सोडलं, इंदिरानगरचा बोगदा समोर दिसत होता. बोगद्यापाशी गाड्यांची कशी कोंडी होते ते नाशिककरांना सांगायला नको. त्यामुळे वळसा घालून जाण्यापेक्षा फुटपाथला घासून उलटं यावं, हे आलंच. येताना मान खाली घालावी, म्हणजे समोरचा दिसत नाही. आपल्याला तो दिसला नाही म्हणजे त्यालाही आपण दिसलो नाही, हिशोब मिटला. एका हातात मोबाइल असेल तर उत्तम, नसेल तर खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबावा. समोरून गाडी आली की तिच्याकडे रागाने बघावं. ब्रेक आपण लावायचा नाही, तो तिने लावायचा. चाळीसच्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, आणि माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. तुम्हीही चाळीसने येत असाल तर तुमचेही ११. म्हणजे दोघांमधलं बावीस मीटर अंतर कुणी ब्रेकला हात-पाय लावायच्या आत संपतं. पण हे शाळेतलं गणित झालं, रस्त्यावर कोण करतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं हे चक्क धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून लिहिलंय, पहिल्या वेळी हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, नाहीतर दोन्ही. लिहिणाऱ्याला बहुतेक नाशिकला यायला जमलं नसावं.

मी जवळजवळ थांबले होते. तरी उलटा येणारा स्कूटरवाला धडकलाच.

धडकल्यावर काय करावं? आधी ओरडावं. जो आधी ओरडतो तो खरा. मग गर्दी जमते, आणि गर्दीचा न्याय ठरलेला: मोठ्या गाडीची चूक. ट्रक आणि कार असेल तर ट्रकची, कार आणि स्कूटर असेल तर कारची. त्यात काच खाली झाली आणि आत बाई दिसली की साक्षीपुराव्याची गरजच उरत नाही. “मॅडम, शिकताय का अजून?” असं एकाने विचारलं. मी एकवीस वर्षं गाडी चालवते. कसारा घाट पावसात, रात्री, एकटीने उतरलेय. “तो राँग साइडने आला,” मी म्हटलं. “अहो, सगळेच येतात इथून, तुम्हाला माहीत पाहिजे ना!” यावर काय बोलणार? चूक माझीच होती. मी राइट साइडने चालले होते.

शेवटी मांडवली झाली. मोबाइलची काच आणि चपलेचा अंगठा मिळून दोन हजार. माझ्या बंपरचं म्हणाल तर इन्शुरन्स आहे, पण पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून मिळालेला ५० टक्क्यांचा बोनस हेडलाइटपायी कोण घालवणार? तेही खिशातूनच.

एक गोष्ट मात्र मी अजून सांगितली नाही. त्या स्कूटरवर पुढे, दोन हातांच्या मध्ये, एक मुलगी उभी होती. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, पहिली-दुसरीतली असेल. तिचं कपाळ आरशाच्या दांडीपासून वीतभर लांब राहिलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि पैसे खिशात घातल्यावर तिला परत तिथेच पुढे उभी करून तो तसाच उलटा निघून गेला.

आता टोमणे पुरे. अरे, तुला लाज कशी वाटत नाही? २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्याच नाशिकच्या मिरची चौकात पहाटे अपघात होऊन बस पेटली, माणसं जळाली, तेव्हा तूच आठवडाभर स्टेटसला मेणबत्त्या लावल्या असशील. चार वर्षांवरच्या प्रत्येक पोराला हेल्मेट लागतं हा कायदा आहे, आणि तो नसता तरी बाप म्हणून तुला कळायला नको? पोरगी म्हणजे एअरबॅग आहे का तुझी? शाळेला उशीर झाला तर बाई फार तर वर्गाबाहेर उभं करतील. लहान मापाचं हेल्मेट हजाराच्या आत येतं. माझे दोन हजार आहेत तुझ्याकडे. जा, आधी ते घेऊन ये.