वरणातलं पाणी आणि कमरेचं शिसं

काकूंचं म्हणणं बरोबर निघालं, याचा राग अजून गेलेला नाही.

स्थळ माल्टाशेजारचं गोझो बेट, तिथलं ब्लू होल, म्हणजे डायव्हिंगसाठीचा खडकातला खोल समुद्री डोह. शेजारची अझूर विंडो नावाची दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, त्यामुळे काठावरच्या पर्यटकांना बघायला आता आम्ही डायव्हरच उरलोय: सात मिलिमीटर जाड रबरी सुटात कोंबलेले, पाठीवर १२ लिटरचं पोलादी सिलिंडर, कमरेला दहा किलो शिसं. टोकदार खडकावर माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि टूरच्या टोपीतल्या काकू वळल्या.

"कमरेला काय हो?"

"शिसं. बुडायला."

"आणि जाकीट?"

"त्यात हवा भरायची. तरंगायला."

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, मग शिसंच कमी घ्या, हवाही कमी लागेल. आमच्या सासूबाई वरणात पाणी जास्त झालं की डाळ वाढवायच्या, मग घट्ट झालं म्हणून परत पाणी. शेवटी अख्ख्या वाड्याला वरण!"

मी ऐकवलं: सूट तरंगतो, भूमध्य समुद्रात लिटरमागे ३८ ग्रॅमच्या आसपास मीठ, महासागरात ३५, म्हणून इथे शिसं जास्त, शिवाय सिलिंडरमधला दाब २०० बारवरून ५० वर आला की दोन किलोंहून जास्त हवा गेलेली असते, म्हणजे शेवटी आपण तेवढे हलके.

"वडी खाता?" काकू म्हणाल्या.

तळाजवळच्या गुहेत लालभडक कार्डिनल मासे असतात. त्यांतला नर अंडी तोंडात धरून उपाशी राहतो, मुख्य म्हणजे गप्प राहतो. मला दिसला फक्त गाळ. शिशाने कंबर खाली ओढलेली, जाकिटातल्या हवेने छाती वर. असा उभा माणूस पायातले फिन मारतो ते थेट तळावर. गाइडने अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ शाबास नव्हे, चला वर.

वर येऊन शिसं किती हवं याची तपासणी. सिलिंडर ५० बारवर, जाकीट रिकामं, साधा श्वास रोखलेला. पाणी डोळ्यांशी यायला हवं. मी दगडासारखा खाली. तीन किलो काढल्यावर डोळे रेषेवर आले.

ही पाच मिनिटांची तपासणी आधी का नाही? कारण जादा शिसं बांधलं की गिऱ्हाईक झटकन बुडतं, रांग पुढे सरकते. मग तेच गिऱ्हाईक गुहेत स्पंज तुडवतं, हवा दुप्पट ओढतं, आणि बोलणी खातं गिऱ्हाईकच. भाड्याच्या काउंटरवर मला वजनसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. पोटाकडे बघून दहा किलो दिले.

काकू खडकावरच होत्या. माझ्या हातातल्या शिशाकडे बघून त्यांनी डबा पुढे केला.

"आता खा."