जीपीएस आलं म्हणून भरतीचं गणित बुडवायचं?

सध्या किनाऱ्यावरच्या ग्रुपांमध्ये एक मजकूर फिरतोय. मोबाइल तीन मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो, तेव्हा तिथीवरून भरती काढणं ही अंधश्रद्धा, तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, किनाऱ्यावरच्या खुणा म्हणजे म्हाताऱ्यांच्या गोष्टी आणि दीपगृहं म्हणजे वायफळ खर्च, असं त्याचं म्हणणं. आमच्या घरातल्या दोन पिढ्या दाभोळच्या खाडीतून मासेमारीला गेल्या. हे वाचून नवी पोरं बोट बाहेर काढतील याची मला खरोखर धास्ती वाटते.

आधी अचूकतेचं. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल चार-पाच मीटरच्या फरकाने जागा दाखवतो, हे मान्य. पण बोट टेकते ती तळाला. वाशिष्ठी नदी गाळ आणते, पावसाळी लाटा वाळू परत आत लोटतात आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा दरवर्षी जागा बदलतो. मोबाइलच्या नकाशात तिथे नुसता निळा रंग. नौकानयनाच्या नकाशात खोली असते, पण ती जवळपास सर्वात खालच्या ओहोटीपासून मोजलेली आणि सर्वेक्षण झालं त्या वेळची. आत्ता त्यावर किती पाणी चढलंय, हे भरतीच सांगणार.

आणि तिथीला अंधश्रद्धा म्हणणं तर साफ चूक. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. यात देवाधर्माचं काही नाही. चंद्र पुन्हा डोक्यावर यायला सरासरी २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. चोवीस तासांचे तीस तिथींत भाग केले तर ४८ मिनिटं येतात. आपल्या लोकांनी तोंडी हिशेबासाठी ती ४५ धरली. अर्ध्या-पाऊण तासाची चूक यात राहते, शिवाय भरतीची लाट दक्षिणेकडून येते, म्हणून मालवणला ती आधी लागते आणि मुंबईला नंतर. प्रत्येक बंदराचा माणूस स्वतःचा फरक जोडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं जास्त नेमकी, ती जरूर वापरा. पण मुंबईचे आकडे घेऊन मालवणात जाऊ नका: उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढउतार करतं, मालवणकडे साधारण दोनच. उत्तरेला समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो, त्याचा हा परिणाम. खंबातच्या आखातात तर हा फरक दहा मीटरच्या घरात जातो.

खुणांचं म्हणाल तर, तोंडातून आत शिरताना बोट अगदी हळू असते. वेग इतका कमी असला की पडद्यावरचा दिशेचा बाण भिरभिरतो. देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरलेल्या तांडेलाला मात्र प्रवाह बोट बाजूला ढकलतोय हे तत्क्षणी दिसतं, तेही पाण्यावरची नजर न हटवता.

दीपगृहाबद्दल थोडक्यात: मोबाइल भिजतो, बॅटरी उतरते. अंजनवेलच्या टाळकेश्वरचा दिवा तेव्हाही लागलेला असतो आणि त्याच्या उघडझापीच्या ठरलेल्या लयीवरून तो कुठला हे ओळखता येतं.

जीपीएस फेकून द्या असं मी म्हणत नाही. १२ सागरी मैलांची हद्द कळायला, संकटात अक्षांश-रेखांश कळवायला त्याच्यासारखं साधन नाही. बोटीवर ते हवंच.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडतील. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. उधाणाचा दिवस, म्हणजे ओहोटीही तेवढीच खोल उतरणार. संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे भरलेली बोट तोंडात घालू नका, बाहेर थांबा आणि पाणी चढू द्या.